टपालातून आलेली विभूती

नोकरीत शेकडो पंचनामे केले, बहुतेक विसरलो. हरकाऱ्याचं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. त्यात खरा गुन्हेगार पकडण्याआधी मी एका निर्दोष माणसाला चोर ठरवलं होतं, आणि तेही जाणूनबुजून.

निजामाचं राज्य होतं. लोहाऱ्याच्या बाजूला, इंग्रजी हद्दीपासून काही कोसांवर असलेल्या एका ठाण्यात मी जमादार होतो. ठाण्यातली लिखापढी उर्दूत, बाजारातलं बोलणं मराठीत, आणि भांडण रंगलं की कानडीत, असा तो मुलूख. परवान्याच्या दुकानाबाहेर अफू विकायला बंदी होती, तरी गावोगाव चोरटी अफू मिळत होती. नाक्यावर आम्ही बैलगाड्यांतला कडबा उपसायचो, आल्यागेल्याची गाठोडी सोडायला लावायचो. हाती काही लागत नव्हतं. कसं लागणार? माल सरकारी शिक्का बसून, सरकारी थैलीतून, सरकारच्याच माणसाच्या खांद्यावरून येत होता.

तो माणूस म्हणजे आमचा हरकारा. पायी टपाल पोचवणारा, पन्नाशीचा, वडिलांच्या जागी लागलेला. एका सकाळी तो चिखलानं माखून ठाण्यात आला. ओढा ओलांडताना पाय घसरून थैली पाण्यात पडली होती. त्यानं कापडात शिवलेलं एक पार्सल माझ्यासमोर ठेवलं.

"जमादारसाब, ह्यात इभूतीचं गोळं व्हते. पाण्यानं इभूत इरगळली अन् आतून ह्ये काळं निघालं. वास बघा."

वास घ्यायची गरज नव्हती. राखेच्या प्रत्येक गोळ्याच्या पोटात तेलकट कागदात गुंडाळलेली अफू होती.

आमचे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, तापट होते. त्यांनी पार्सल पाहिलं, हरकाऱ्याला पाहिलं, आणि निकालच देऊन टाकला. "खुद लेके आया ना? पकडे जाने का डर लगा होगा. अंदर डालो इसे!"

"चोर सोता माल घिऊन येतो व्हय?" हरकारा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण वरिष्ठांसमोर बोलायची माझी छाती झाली नाही. कोठडीचं कुलूप मीच लावलं.

पार्सलावर जवळच्याच एका गावाचा पत्ता होता, पण त्या नावाचा माणूस तिथं नव्हता. तिथलं टपाल शाळेच्या ओसरीवर वाटलं जायचं आणि मास्तरच ते सांभाळायचे. मी साध्या कपड्यात त्यांना गाठलं. ते म्हणाले, "अशी पार्सलं वरचेवर येतात. मठाची विभूती आहे म्हणून कुणीतरी चिठ्ठी दाखवून घेऊन जातं. दर वेळी माणूस वेगळा." हरकाऱ्याच्या हातून पार्सल कुणी घेतलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मालक दुसराच कुणीतरी होता, हे उघड झालं. पण त्याला बाहेर काढायचा कसा?

मी अमीनसाहेबांपुढे बेत मांडला. तसंच पार्सल पुन्हा शिवून शाळेत ठेवायचं आणि नेणाऱ्यावर नजर ठेवायची. पण हरकाऱ्याच्या अटकेची बातमी फुटली होती. अफूचा नुसता संशय आला असता तरी कुणी फिरकलं नसतं. म्हणून गावात दुसरीच, खोटी बातमी पसरवायची होती: हरकाऱ्यानं कुणाचं तरी रजिस्टर पत्र फोडलं, म्हणून तो आत आहे.

हे त्याला सांगायला मी कोठडीत गेलो. त्या माणसानं अटक मुकाट्यानं सोसली होती, पण हे ऐकून त्याचा चेहरा पडला.

"नोकरी गेली तर जाऊ द्या," तो म्हणाला. "पर टपाल फोडलं म्हनू नगा. लोक म्हाताऱ्या आईचं पत्र माझ्या हातात देत्यात. उद्या कोण दील?"

मला लाज वाटली. तरी मी म्हणालो, "माल कुणाचा हे कळलं नाही, तर तुम्हीच चोर ठरणार. मोहतमीमसाहेबांचा दौरा आठवड्यावर आलाय." मोहतमीम म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख, त्यांच्यासमोर त्याला अफूसह उभं करायचं ठरलं होतं.

त्यानं मान वर करून माझ्याकडं रोखून पाहिलं. मग म्हणाला, "म्हना. पर खरं निघाल्यावर ज्या तोंडानं चोर म्हनाल, त्याच तोंडानं भर बाजारात सांगायचं."

मी शब्द दिला आणि गावभर त्याची बदनामी करत फिरलो.

नव्या पार्सलासाठी विभूती हवी होती. गावातल्या एका वृद्ध लिंगायत शेतकऱ्यांना मी पंच म्हणून बोलावलं होतं. त्यांनी ओढ्यात विरघळलेली ती राख पाहिली आणि त्यांचा संताप झाला. घरी जाऊन त्यांनी देवघरातल्या विभूतीचे गोळे आणले आणि स्वतःच्या हातानं पार्सल शिवलं. आत अफूचा कणही नव्हता. अफू वेगळी सीलबंद केली आणि सगळ्याचा पंचनामा केला.

बाजाराच्या दिवशी मी शाळेसमोर मिरच्यांच्या ढिगामागे बसलो. शेजारी ते पंच आजोबा. शिंकून शिंकून माझी पुरेवाट झाली. दुपारी एक दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, थांबली आणि खाली उतरले गावचे बडे आडत व्यापारी. कपाळावर तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात रुद्राक्ष. नेहमीची भाड्याची माणसं हरकाऱ्याच्या अटकेनं बिचकली होती, पण शेठना माल सोडवेना. चिठ्ठी दाखवून त्यांनी पार्सल डाव्या हातानं घेतलं, दमणीत टाकलं, वर चादर पसरली आणि नाक्यावर दिसू नये म्हणून त्यावरच बैठक मारली.

आजोबांनी माझं मनगट धरलं. "आरं द्येवा! इभूतीवर बसला की ह्यो!"

आम्ही दमणी अडवून त्यांना ठाण्यात आणलं, तरी शेठ अजिबात डगमगले नाहीत. "मी देवभोळा माणूस. मठातून विभूती येते, मी घेतो. आत कुणी काय भरलं, मला काय ठाऊक?"

मी त्यांना पाणी दिलं. तेच पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मुन्शीकडून जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. अमीनसाहेब चुळबुळ करू लागले. मग मी विचारलं, "म्हणजे तुम्ही विभूतीच समजून नेलीत?"

"अर्थात."

"आमच्याकडं साधा अंगारा हाती आला तरी माणूस आधी कपाळाला लावतो. तुम्ही विभूती डाव्या हातानं घेतलीत, खाली टाकलीत आणि तिच्यावर बसलात. साऱ्या बाजारानं पाहिलं. असं का केलंत?"

शेठचा हात गळ्यातल्या रुद्राक्षांकडे गेला. मी पार्सल उसवलं आणि एकेक गोळा फोडला. नुसती पांढरी राख.

आजोबा पुढे झाले. "माझ्या द्येवघरातली हाय ती. तिच्यावर बसलासा तुमी."

पोलिसांच्या दमाला न भ्यालेला तो माणूस या वाक्यानं खचला. पट्टे ओढलेलं कपाळ त्यानं दोन्ही हातांनी झाकलं. त्यानंतर विचारावं लागलं नाही. अफू धाडणारा कोण, ती गावोगाव विकणारे कोण, सगळं त्यानं सांगितलं. त्याच्या ज्वारीच्या पेवातून, म्हणजे धान्याच्या तळघरातून, आम्ही अफूचे डबे वर काढले तेव्हा सारं गाव लोटलं होतं. अमीनसाहेबांनी भर गर्दीत माझी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी जमिनीपासून वीतभर वर चालत होतो.

मोहतमीमसाहेबांनी दौऱ्यावर शाबासकी दिली, बढतीची शिफारस केली. ते काय बोलले, आज नीटसं आठवत नाही. निवृत्तीनंतर लोक विचारतात, चोर कसा ओळखायचा? मी सांगतो, तोंडाकडं कमी बघा, हाताकडं जास्त. आणि खबर घेऊन स्वतःहून आलेल्या माणसाला आधी बसायला द्या. आम्ही कुलूप दिलं होतं.

शेठ पकडले गेले त्याच्या पुढच्याच बाजारात वर्दी घालून मी एका बैलगाडीवर चढलो. खाली कोठडीतून सुटलेला हरकारा उभा होता, मान ताठ, डोळे माझ्यावर रोखलेले. मी घसा ताणून ओरडलो, "ह्यांनी कुणाचंही पत्र फोडलं नाही! मी खोटं बोललो होतो! अफू ह्यांच्यामुळं पकडली गेली!"

साऱ्या माना हरकाऱ्याकडं वळल्या. मग गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. तिनं पदराच्या गाठीतून घडी घातलेलं पत्र सोडलं आणि माझ्याकडं ढुंकूनही न बघता हरकाऱ्याच्या हातात ठेवलं.