टोपीतली पुडी
एसटीत शेजारच्या माणसानं तंबाखूला चुना चोळला आणि त्या वासानं मला आष्ट्याचं आमचं घर आठवलं. एका वर्षी मी गाडीवरून पडले आणि मिरजेहून डोक्याला टाके घालून घरी आले. त्या मारानं माझं नाक इतकं तिखट झालं, की तीन घरं पलीकडं कुणी लसूण सोलला तरी मला पांघरुणात मळमळायचं. आणि नेमकी तेव्हाच, मिलिटरीतून रिटायर झालेल्या माझ्या सासऱ्यांनी देवळात नारळ फोडून तंबाखू सोडली होती. एका दुपारी ते शेतातून आले, तशी मी डोळ्यांवरची ओली पट्टी न काढताच म्हणाले, "तंबाखूचा वास येतोय." सासरे सासूबाईंना म्हणाले, "डोक्याला मार हाय, भास व्हतोय तिला." मी म्हणाले, "न्हाई आबा, टोपीतनं येतोय." सासूबाईंनी टोपी उचलली आणि पुडी फरशीवर पडली. पुढच्या तपासणीला आबा हट्टानं माझ्यासोबत आले. "आवं डॉक्टर, हिचं नाक कवा बरं व्हनार?" त्यांनी इतक्या कळवळून विचारलं, की डॉक्टर मला म्हणाले, "असे सासरे मिळायला नशीब लागतं." नाक महिन्याभरात बरं झालं. मी ते अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. आबा शेजारून गेले की मी उगीच हुंगल्यासारखं करते, आणि ते मुकाट्यानं मोरीत जाऊन चूळ भरतात.