थांबली की तापते

सासरी तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि तेही काही कौतुकानं नव्हे. लग्नानंतर आठवड्याभरातच सासूनं हे नाव ठेवलं, कारण नवी सून खुर्चीवर बसायची ती अगदी कडेला, कुणीतरी हाक मारणार आहे आणि आपण उठणार आहोत अशा बेतानं. हाक कुणी मारायचं नाही. तरी ती उठायचीच.

नवरा अगदी उलट. गुडघे गेल्यापासून तो खिडकीशी बसला की आख्खी दुपार त्याच्याभोवती साचून राहायची. "तू बसलीस ना," तो म्हणायचा, "की घरी कुणी पाहुणं आल्यासारखं वाटतं."

म्हणून लॅबचं काम तिला मानवलं. सकाळी घरोघर जाऊन रक्त काढायचं, नळ्या बर्फाच्या डब्यात उभ्या करायच्या आणि दुपारच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. तिच्या फेरीत बहुतेक म्हातारी माणसं. सुई टोचल्याचं त्यांना कळायचंही नाही. कापूस दाबून धरायला सांगेपर्यंत ही दारात. "बस गं जरा," कुणी म्हटलं, तर "बसले असते हो" हे शब्द जिन्यातूनच ऐकू यायचे. वीस घरं, वीस जिने, आणि मधे नवऱ्याची ती जुनी गाडी. घरात जीव गुदमरायचा तो गाडीची चावी फिरवली की मोकळा व्हायचा. ही फेरी गेली असती तर तिनं दिवसाचं काय केलं असतं, हा विचार ती करायची नाही. केला तरी पुढच्या वळणावर टाकून द्यायची.

आणि नेमकी गाडीलाच खोड लागली. पळत असली की गुणी. समोरचा वारा रेडिएटरला लागायचा आणि तापमानाचा काटा मधोमध स्वस्थ. पण सिग्नलला थांबली की तापायची, कारण थांबलेल्या गाडीला वारा घालणारा पंखा लहर असेल तरच फिरायचा. काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला की भिंगरी खिडक्या खाली करायची. मग ती भर उन्हात हीटर पूर्ण सोडायची, म्हणजे इंजिनाची धग थोडी आत यायची, आणि घामानं निथळत पुढच्या बसला हॉर्न मारत राहायची. एकदा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून तिनं संतापून जॅकचा दांडा पंख्याच्या मोटरीवर हाणला. पंखा घरघरला आणि फिरू लागला. दुसऱ्या दिवसापासून सीटखाली घरचं लाटणं आलं. ते बरोबर आत पोचायचं.

"लाटणं दिसत नाही," नवरा म्हणाला.

"तुटलं."

धाकटा दीर मोटारींचा इलेक्ट्रिशियन. त्याच्याकडे ती तीनदा गाडी घेऊन गेली. पहिल्यांदा त्यानं रेडिएटरचा स्विच बदलला, म्हणजे पाणी तापलं की पंख्याला चालू हो म्हणणारा. दुसऱ्यांदा रिले बदलला, म्हणजे स्विचच्या हुकमावर पंख्याला करंट सोडणारा. तिसऱ्यांदा फ्यूज काढून उन्हाला धरून बघितला आणि डोकं खाजवलं. "वहिनी, माझ्यासमोर तर शहाण्यासारखा फिरतोय."

फिरणारच. दरवेळी ती कोपऱ्यावर गाडी उभी करायची, लाटण्याचे दोन तडाखे द्यायची आणि पंखा फिरत असतानाच आत शिरायची. कुणाच्या दारात आपली गाडी वाफा टाकत उभी राहावी, हे तिला सोसायचं नाही. त्यातून दिराच्या दारात तर नाहीच.

मागच्या आठवड्यात गाडी वाटेत उकळली. नळ्या उशिरा पोचल्या, दोन नळ्यांतल्या रक्तपेशी फुटून वरचं पाणी तांबूस झालं, आणि एका आजीला पुन्हा सुई खावी लागली. लॅबच्या मॅडम आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आणखी एकदा असं झालं," त्या म्हणाल्या, "तर फेरी मोटारसायकलवाल्याला देईन. मला वाईट वाटेल, पण देईन."

आज डबा भरलेला होता, लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि वाटेवरच्या चौकात काटा चढायला लागला. ती गॅरेजकडे वळली. सवयीनं कोपऱ्यावर थांबली, बॉनेट उघडलं, तडाखे दिले आणि आत शिरली, तर दीर फाटकातच उभा. हातात चहाचा पेला, तो तोंडाला लावायचा राहिलेला.

"वहिनी, तुम्ही गाडीला मारत होतात?"

"मारत नव्हते. ठोकत होते."

"लाटण्यानं?"

त्यानं पेला टपावर ठेवला.

"आणि दरवेळी असंच ठोकून आत यायचात?"

"उकळती गाडी आणून तुमच्या दारात लावू?"

"अहो, मग मी काय बघायचं! तुम्हीच ना फेरीतल्या त्या आजोबांवर चिडता? तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडतात, रिपोर्ट चांगला आला की पेढे वाटतात, ते?"

हे तिला लागलं. त्या आजोबांना ती तोंडावर म्हणाली होती, की मला फसवून काय मिळवणार. पण तिनं फक्त घड्याळाकडे बघितलं. "भाऊजी, डब्यात बर्फ आहे. पटकन बघा."

"पटकन नाही बघता येणार. इंजिन चालू ठेवा, गाडी उभी राहू दे. पंख्याला कुणी हात लावायचा नाही. रुसला की मग बघू."

पंखा फिरून थांबला. पाणी पुन्हा तापलं, तेव्हा पंखा आपोआप सुरू झाला. ती चटकन म्हणाली, "झालं, चालतोय. निघते मी."

"निघा. आणि चौकात लाटणं काढा."

ती निघाली नाही. डब्याचं झाकण उघडून बर्फ बघायचा तर गारवा जाणार, म्हणून तिनं नुसता डब्यावर हात ठेवला. मग दार उघडलं, लावलं. खाली उतरली, टायरला लाथ मारली, पुन्हा बसली. उभ्या गाडीत बसल्यावर सगळं ऐकू येतं हे तिला माहीतच नव्हतं. इंजिनाचा हुंकार, पत्र्याची कुरकुर, आपल्याच नाकातला श्वास. गाडी चालू असताना हे सगळं कुठं असतं? आत काहीतरी ठणकत होतं, आणि ते गाडीचं नव्हतं. तिला ते ऐकायचं नव्हतं.

"खिडकीत दादा किती वेळ असा बसतो," दीर सहज म्हणाला.

"बसतो. मला जमत नाही. मी बसले की वाटतं, आता उठताच येणार नाही मला."

दीर आत डोकावला. काटा चढू लागला होता.

मध्यावरून वर. या वेळी पंखा निश्चल. तांबड्या रेघेपासून बोटभर खाली. तिचा हात सीटखाली गेला.

"नाही हं वहिनी."

"उकळेल!"

"उकळायच्या आत बंद करू. बसा."

तो पंख्याच्या प्लगला वाकला आणि दोन तारांमध्ये आपला छोटा बल्ब टेकवला. बल्ब लख्ख पेटला. "बघा. करंट इथवर येतोय. स्विच बरोबर, रिले बरोबर, फ्यूज बरोबर. मोटरच उचलत नाहीये. आता मारा."

तिनं मारलं. पंखा घरघरत फिरला. दीर हसला, मग हसणं आवरून म्हणाला, "आतले कार्बन झिजलेत. फिरत्या भागाला टेकून करंट द्यायला पुरत नाहीत. तुम्ही हादरा दिला की टेकतात. मोटर काढून कार्बन बदलावे लागतील. गाडी आज जाणार नाही."

"आणि डबा?"

"डबा आणि तुम्ही, दोघं स्कूटरवर बसा."

दीर स्कूटर त्याच्या भावाला शोभेल अशी चालवायचा. प्रत्येक खड्ड्याशी विचारविनिमय. मागे डबा पोटाशी धरून ती दातओठ खात होती आणि तीनदा म्हणाली, "जाऊ द्या ना पुढं." दोघं पोचली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. पाणी अजून गार होतं, एवढाच आधार.

मॅडमनी नळ्या रक्त आणि वरचं पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रात लावल्या. यंत्र फिरू लागलं. भिंतीशी खुर्ची होती. ती बसली, अगदी कडेला. यंत्र थांबेना.

थांबलं तेव्हा मॅडमनी एकेक नळी उजेडाला धरली. वरचं पाणी फिकट पिवळं, स्वच्छ. तांबूस एकही नाही.

"गाडीचं काय?"

'आता ठीक आहे' हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. महिनोन्महिने तेच वाक्य ती सगळ्यांना देत आली होती. "नाही ठीक," ती म्हणाली. "मला उन्हाळ्यापासून माहीत होतं. आज मोटर काढायचीय. उद्याचं मी सांगू शकत नाही."

मॅडमनी हातातली नळी खाली ठेवली. "हे आधीच सांगितलं असतंस तर त्या आजींना दुसरी सुई बसली नसती."

"नसती."

"उद्याची फेरी मोटारसायकलवाला करेल. गाडी नीट झाली की फोन कर. आधी फोन, मग फेरी. तुझी आहे ती."

बाहेर दीर स्कूटरवर पाय सोडून बसला होता. "फेरी वाचली?"

"वाचली. उद्या नाही, मग पुढं आहे."

"मग घरी सोडू तुम्हाला? आराम करा उद्या."

घर, खिडकी, साचलेली दुपार, आणि उद्याचा पूर्ण रिकामा दिवस. तिनं हातातल्या रिकाम्या डब्याकडे बघितलं. "घरी जाईन संध्याकाळी. आधी गॅरेजवर चला. ती मोटर उघडाल तेव्हा मला बघायचंय."

"वेळ लागेल. बसावं लागेल."

"तुम्ही बसा," ती मागे चढत म्हणाली. "मी बल्ब धरून उभी राहीन. आणि जरा जोरात चालवा हो, भाऊजी."