सासऱ्यांची हकलबेरी

माझे सासरे चाळीस वर्षं लाकडी फर्निचरला पॉलिश करत होते. टेबलात बघून स्वतःचे दात मोजता आले, तरच काम झालं असं मानायचे. सासूबाईंना मात्र त्या टेबलातही डाग दिसायचा. नवऱ्याच्या कुठल्याही कामाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि सासऱ्यांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

मग सासूबाईंना ताप आला. गेला तो तोंडाची चव घेऊन गेला. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. सात महिने झाले. पुढ्यात येईल ते त्या मुकाट्याने खायच्या आणि "छान आहे" म्हणायच्या. करपलेला भात छान, बिनमिठाचं सूपही छान. सासरे घाबरले ते याला. "जावईबापू, ही अशी नव्हती हो," मला बाजूला घेऊन सांगायचे.

समोरच्या घरातल्या नर्सबाईंनी त्यांना हकलबेरी नावाच्या परदेशी फळाच्या बिया दिल्या. जे जन्मात कधी खाल्लंच नाही त्याची चव जीभ विसरेल कशी, असा सासऱ्यांचा हिशेब. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. गॅलरीत सहा जुन्या बादल्यांत रोपं लागली. वांग्या-टोमॅटोच्याच कुळातली ती. फळं वाटाण्याएवढी झाली, हिरव्याची काळी झाली, आणि अशी चकचकीत की सासरे त्यांच्याकडे आपल्याच धंद्यातल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे.

पाकिटावर छापलं होतं, 'काळ्या फळाची चकाकी जाईपर्यंत थांबा. कच्चं फळ खाऊ नका.' सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "छपाईची चूक आहे," म्हणाले आणि पेनने 'जाईपर्यंत' खोडून 'येईपर्यंत' केलं.

जॅम त्यांनी स्वतः शिजवला. मी एक चमचा तोंडात घेतला आणि बेसिनकडे धावलो. बायको तिथे आधीच पोचली होती. इतकं कडू औषधही मी कधी घेतलेलं नाही. सासूबाई मात्र शांतपणे पावाला लावून खात होत्या.

"छान झालाय," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी त्यांच्या हातातून पाव काढून घेतला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांची फार दया आली, आणि पाकीट आठवून रागही आला.

नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी ती दुरुस्ती पाहिली. "काका, ते बरोबरच छापलंय," एवढंच म्हणाल्या. उरलेली फळं झाडावरच ठेवली. तीन आठवडे सासरे गॅलरीकडे पाठ करून बसले. फळं मऊ पडली, धूळ बसल्यासारखी मंद दिसायला लागली. मग नर्सबाईंच्या सांगण्यावरून सासऱ्यांनी ती चिमूटभर सोडा घालून उकळली, ते पाणी ओतून दिलं, साखर आणि लिंबू घालून पुन्हा शिजवली. गडद जांभळा जॅम झाला. मी दोनदा घेतला.

सासूबाईंनी घास घेतला. चावला. थांबल्या.

"साखर किती ओतलीत?" त्या म्हणाल्या. "आणि लिंबू पिळलंय की नुसतं दाखवलंय?"

"आई, अगं चांगला झालाय," बायको म्हणायला लागली. सासऱ्यांनी हातानेच तिला गप्प केलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. खुर्ची ओढून ते सासूबाईंच्या समोर बसले.

"अजून काय चुकलंय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी दुसरा पाव घेतला आणि सांगायला सुरुवात केली.