शिरोड्याची सोनेरी पाती

कोल्हापूरहून शिरोड्याला निघालो तो समुद्र बघायला नव्हे, चोर पकडायला. माझा पाती बनवायचा छोटा कारखाना आहे. शिरोड्याच्या नाईकवहिनींच्या काजू कारखान्याला मी बिया फोडायची पाती दिली होती. झीज होऊ नये म्हणून वर टायटॅनियमचा सोनेरी थर दिलेली. आठ दिवसांत बोथट झाली म्हणून वहिनींनी फोटो पाठवला. पाती पांढरीफटक! "ही माझी नव्हेतच, कुणीतरी बदललीत," मी फोनवर ठणकावलं. तेवढ्यावरून त्यांनी कपाटाची चावी सांभाळणाऱ्या सुशीलाकाकींना घरी बसवलं.

आजरा-आंबोलीमार्गे गेलात तर घाटात धुकं धरून चाला, चार तास सहज जातात. सावंतवाडीत अडीचशेची थाळी घेतली. बांगडा ताजाय म्हणाले, तरी मी उलटापालटा करून पाहिला. खानावळवाला बघत होता. "आधी खावन बघा, मगे काय ता बोला," म्हणाला. बांगडा उत्तम होता.

कारखान्यात भाजलेल्या बियांचा उग्र वास आणि हाताला तेल चोळून बसलेल्या बायका. पात्याच्या पाठीवर माझाच नंबर ठोकलेला होता. नंबर काय, कुणीही ठोकेल, असं मला वाटलं. मग बोल्टच्या भोकात डोकावलो. आत सोनेरी थर जसाच्या तसा होता. पाती माझीच होती आणि माझं तोंड उतरलं.

वहिनींना घेऊन काकींच्या घरी गेलो. त्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या.

"काकी, पात्यावरचा पिवळा रंग कुठे गेला?"

"मीयाच काढलंय. दोन दीस दगडार घासलंय, जाता जायना. रंग काजूगरांक लागलो तर लोकांच्या पोटात जातलो नाय? आणि नवो कोयतो तरी आमी पाजवल्याशिवाय खंय वापरतंव?"

"तो रंग नव्हता काकी. धार त्याच्यामुळेच टिकते."

"माका कोणी सांगूक नाय," त्या म्हणाल्या. "हीच ती पाती, असा मी वहिनींक कितीदा सांगलंय. इचारा त्यांका."

वहिनींनी कपाटाची चावी काकींपुढे धरली. मग म्हणाल्या, "उद्यापासून या, काकी." मीही माफी मागितली, अगदी हात जोडून. काकींनी आम्हाला कोकम सरबत दिलं. चावी मात्र घेतली नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. सुंदर आहे, जरूर जा. माझं लक्ष नव्हतं.

घरी येऊन पहिलं काम केलं ते प्रत्येक खोक्यात मराठीत चिठ्ठी घालायचं: हा रंग नाही, घासू नका. नवी पाती फुकट पाठवली, ती छान चालताहेत. परवा वहिनींचा फोन आला. काकी वेळेवर येतात, काम चोख करतात. फक्त रोज घरी जाताना दारात थांबून पिशवी उघडून दाखवतात. कुणी मागत नाही तरी.