चोवीस तास पाणी असलेलं गाव

मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यात फिरायला कोण जातं, असं तीन मित्रांनी विचारलं. मी गेलो. खरं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी टोमणे मारायला नकोत: मामाच्या यादीत वैष्णवीचं गाव होतं.

वैष्णवी माझ्या वर्गात होती. मी सिव्हिलचं तिसरं वर्ष सरांशी भांडून सोडलं, तेव्हापासून तिने बोलणं सोडलं. मामा पाणी योजनेचा सर्व्हे करतो. धरणातून मोठी पाइपलाइन काढायची, पाणी शुद्ध करायचं आणि शेकडो गावांच्या वेशीपर्यंत आणून सोडायचं, अशी ती योजना. पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरून आखतात. मामाचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला आणि मला फोन आला, "भाच्या, दोन दिवस जीप चालवतोस का? जेवण माझ्याकडं."

हिंगोली स्टँडसमोर सकाळी सातला सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा, खाल्ला. वीस रुपये प्लेट, वर कच्चा कांदा. इथे आलात तर पोह्यांच्या मागे लागू नका. नरसीचा रस्ता चांगला आहे, फक्त गावाजवळ भाविकांच्या गाड्या कशाही लावलेल्या असतात. नामदेवांच्या मंदिरात पाच मिनिटं बसलो. बाहेरचा प्रसादाचा दुकानदार म्हणाला, "एकादशीला या, मंग कळंल पाणी किती लागतंय ते. गावापुरतं मोजून जाऊन राहिले तुमी." मामाने ते मुकाट्याने लिहून घेतलं.

दुपारभर आडमार्गाने गावं घेत औंढ्याला मुक्काम केला. लॉज पाचशेचं, पंखा आवाज करणारा. तिथे मी पहिल्यांदा यादी नीट वाचली. वैष्णवीच्या गावापुढे लिहिलं होतं, 'स्वतःचा स्रोत, पुरेसा.' आणि नावावर फुली.

माझं डोकं सणकलं. ही मुलगी सुट्टीत घरी गेली की पहाटे पाचला शेतातल्या विहिरीवरून पाणी आणते. तिच्या तळहाताचे घट्टे मी पाहिलेत.

"मामा, हे खोटं आहे!"

"जानेवारीत मी स्वतः गेलो होतो. चोवीस तास पाणी हाय म्हणाले. मोठा पाहुणचार केला. टावेल-टोपी दिली मला."

"सर्व्हेवाल्याला टॉवेल-टोपी कोण देतं?"

मामाने यादी हातात घेतली. "ते तर माझ्याबी ध्यानात आलं न्हाई," म्हणाला. यादी सोमवारी वर जाणार होती. एकदा गेली की पाइपाचा व्यास ठरतो, टाकीची उंची ठरते, आणि सुटलेल्या गावाने तीस वर्षं बघत बसायचं.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर धरण. भिंतीवरून पाणी बघताना मन शांत होतं म्हणतात. माझं झालं नाही. हट्ट्याकडे जाताना दोन्ही बाजूंना हळद शिजत होती, सगळ्या शिवारात तो ओला, मातकट वास. हट्ट्यात भाकरी, पिठलं आणि ठेचा, ऐंशी रुपयांत पोटभर. मला जाईना.

तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, तिची तशी ताकीद आहे. पारावर तिचे वडील, अण्णा, बसले होते. मामाने विचारलं, "पाण्याची सोय कशी हाय?"

"चोवीस तास! काई तकलीफ न्हाई," अण्णा हसून म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"लबाड बोलून राहिले तुम्ही सगळे!" मी ओरडलो. "तुमच्याच लेकरांच्या तोंडचं पाणी घालवताय!"

दोघं जण उठून माझ्या अंगावर आले. मामाने माझा दंड धरला. आता जीपमध्ये बसून निघायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "तू आधी गप बस."

वैष्णवी होती. मग अण्णांकडे वळून म्हणाली, "अण्णा, हे सोयरीकवाले न्हाईत. ह्याचा मामा पाण्याचा सर्व्हे करतो."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिच्या भावाचं लग्न जमत होतं. इकडे पोरगी देण्याआधी तिच्याकडचे कुणीतरी गाडी घेऊन येतात, सहज विचारल्यासारखं पाणी विचारतात. पाणी नसलेल्या गावात पोरगी कोण देतं? म्हणून पाहुणे दिसले की निळे ड्रम गोठ्यामागे जातात आणि सगळं गाव एका सुरात बोलतं. जानेवारीत मामाची इस्त्रीची पँट बघून गावाने त्याला मुलीचा चुलता ठरवलं होतं.

"काहून सांगितलं न्हाई तुमी कोण ते?" अण्णा मामावर चिडले.

"सांगितलं की! तुमी टोपी घालायच्या घाईत होते!"

सगळे हसले, पण अण्णा नाही. "खरं लिवलं तर त्यांच्या कानावर जाईल," ते हळूच म्हणाले. "पोरगं तीस वर्षांचं व्हायला आलं."

"आणि मी?" वैष्णवी म्हणाली. "मी किती वर्षं घागर आणायची?"

अण्णांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच होणाऱ्या व्याह्यांना लावला. "पाव्हणं, एक खरं सांगायचंय. आमच्याकडं पाणी न्हाई. फेब्रुवारीपासून टँकर." पारावरचे सगळे फोनकडे वाकले. मग फोनमधून एवढं मोठं हसू आलं की आम्हालाही ऐकू गेलं. "अहो, आमचेबी ड्रम गोठ्यामागंच हायत!"

मामाने फुली खोडली. विहीर मोजली, टाकीसाठी गावाची उंच जागा बघितली, सरपंचांची सही घेतली. परतीच्या वाटेवर यादी उघडून त्याने 'पुरेसा' लिहिलेली बाकी गावं मोजायला घेतली, आणि कपाळावर हात मारला. ती सगळी परत फिरायची होती.

घरी येऊन दोन दिवस झाले. पाइप यायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक, पण ते गाव आता नकाशावर आहे, आणि मला शांत झोप लागते. काल तीन महिन्यांनी वैष्णवीचा मेसेज आला: "अण्णा विचारत होते, तो तापट पोरगा इंजिनिअर आहे का? मी सांगितलं, न्हाई, कॉलेज सोडलंय."

मी घाबरत विचारलं, "मग?"

"म्हणाले, बरं झालं खरं सांगितलंस. आणि हसले."