हरणापुढचा राजा

मार्तंड नेवासकर सरांना किळस कशाची येत नाही, असं विचारलेलं बरं. येते त्या गोष्टी सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. प्लॅस्टिकच्या फुलांचे हार, दोन डोंगरांच्या मधून उगवणारा तो ठरलेला सूर्य, आणि फ्लेक्स! नगरच्या चौकाचौकांत टांगलेले, हात जोडून दात काढणारे चेहरे दिसले की सर रिक्षात बसल्या बसल्या डोळे मिटून घेत. शेवगाव रस्त्यावरच्या एका संस्थेच्या शाळेत त्यांनी उभी हयात चित्रकला शिकवली. पोराची वही उघडली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे, "शी!" पोरंही काही कमी नव्हती, ती त्यांना मागून शीसरच म्हणत.

अशा या माणसाला जगात एक गोष्ट जिवापाड आवडत होती, ती म्हणजे संस्थेच्या ग्रंथालयातलं एक पान. कुठल्याशा फारसी हस्तलिखितातून सुटलेलं, पाचेकशे वर्षांपूर्वीचं. संस्थापक काकासाहेबांना ते हैदराबादच्या एका स्नेह्यानं भेट दिलं होतं आणि काकासाहेबांनी ते कपाटात फेकून दिलं होतं. सरांना ते वार्षिक अहवालांच्या गठ्ठ्यात सापडलं. वर-खाली फारसी ओळी, त्यातलं एक अक्षर सरांना कळत नव्हतं. मधे चित्र. चिनाराच्या झाडाखाली एक राजा घोड्यावरून उतरला आहे आणि त्यानंच बाण मारलेलं हरीण त्याच्या पायाशी तडफडत आहे. राजाचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा, पण त्या एवढ्याशा जागेत चित्रकारानं चक्क शरम काढली होती. शिकारीची मिजास उतरलेली, आणि आता काय करावं ते त्या बिचाऱ्याला सुचत नाही. सर दरवर्षी भिंग देऊन ते पान मुलांना दाखवत. त्यावर कुणी श्वास सोडला तर कानाखाली वाजे. बहुतेक पोरांना घोडा आवडे, त्याला सरांचा इलाज नव्हता.

काकासाहेब गेले आणि त्यांचा मुलगा अंगद संस्थेचा अध्यक्ष झाला. पहिली पुण्यतिथी जवळ आली तसा तो सरांच्या घरी आला. माणूस वाईट नव्हता. बापावर त्याचा खरोखर जीव होता, आणि घोटाळा नेमका तिथंच होता.

"सर, काकासाहेब म्हंजी आमच्यासाठी राजेच हुते," तो म्हणाला. "आपल्याकडं ते राजाचं जुनं चित्र हाय ना, त्यातल्या मानसाला काकासाहेबांचा चेहरा द्या. सगळ्या हॉलमधले त्यांचे फोटो तुमीच रंगवलेत."

ते काम सरांनी नोकरीत असताना नाक मुठीत धरून केलं होतं. आता नोकरी नव्हती.

"अंगद, तो राजा ओशाळलेला आहे. मरणाऱ्या हरणाकडे बघतोय तो!"

"मंग काकासाहेबांना हसरं करा की. ते कायम हसतमुख असायचे."

सरांनी दाराकडे बोट दाखवलं. "शी! ऊठ. आधी ऊठ इथून!"

अंगद चपला घालत म्हणाला, "तुमचा मान पयला म्हनून आलो हुतो सर. बाकी तुमची मर्जी."

नीलांबरीबाई मेथी निवडत हे सगळं ऐकत होत्या. नवरा खोलीभर येरझाऱ्या घालून दमला तेव्हा म्हणाल्या, "अहो, तुम्हीच घ्या ना ते काम. पातळ कागदावर काकासाहेबांचा चेहरा काढा आणि पिठाच्या खळीच्या ठिपक्यानं वरून चिकटवून द्या. त्याची हौस फिटेल. कार्यक्रम झाला की कोण बघतंय? अलगद काढून घ्या."

असं करता येतं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते जास्त चिडले. "त्या तोंडाची चिकटपट्टी मी त्या पानाला लावू? माझे हात विटाळायला?"

"मग निदान ते पान तरी कुठल्या संग्रहालयात हलवा म्हणून सांगा."

"त्याच्या दारात मी पुन्हा जाणार नाही. आणि मी नाही म्हटल्यावर करणार कोण? असलं बारीक काम येणारा दुसरा माणूस या जिल्ह्यात नाही." एवढं बोलून सर जेवायला बसले आणि त्यांना छान भूक लागली.

पुण्यतिथीला नवरा-बायको दोघांनाही आमंत्रण आलं. सभागृहात काकासाहेबांच्या तसबिरीशेजारी टेबलावर ते पान काचेत बसवून ठेवलं होतं, वर झेंडूची माळ. सर पुढं गेले. मुकुट तोच, घोडा तोच, चिनारही तोच. मुकुटाखाली सोनेरी काडीचा चष्मा, गुलाबी गाल आणि सगळे दात दाखवणारं हसू. खाली हरीण मरत होतं आणि काकासाहेब त्याच्याकडे बघून हसत होते.

काम अप्रतिम होतं. सगळ्यात ओंगळ गोष्ट हीच होती. पापणीची खालची रेघ बाहेरून आत ओढलेली सरांना दिसली. तशी रेघ ते स्वतः ओढत, आणि त्यांनी ज्याला शिकवली असेल तोच ओढणार.

"सर!" गर्दीतून फ्लेक्सच्या दुकानाचा मालक गोरक्ष आला. एके काळी तो त्यांच्याच वर्गात होता. चेहरा आनंदानं फुललेला. "अंगदभाऊ म्हनले, सरांना जमत न्हाई. म्हनलं, मंग सरांच्या नावाला बट्टा नको, मी करतो. तुमी शिकवलं तसंच केलं, एका केसाच्या ब्रशनं. आधी खालचा जुना चेहरा पार खरडून काढला, न्हाईतर वरचा रंग धरत न्हाई. आता पाणी पडू द्या, काई बी पडू द्या, लई पक्का हाय."

सरांना अंगदची किळस आली, त्या दातांची आली, गोरक्षच्या फुललेल्या तोंडाचीही आली. पण जे करायला आपल्याला दोन घटकाही लागल्या नसत्या, ते आपण केलं नाही, हे आठवल्यावर त्यांना सगळ्यात जास्त शिसारी आली ती स्वतःची. पातळ कागद आणि खळीचा एक ठिपका! तेवढ्यानं तो ओशाळा राजा आज त्या चष्म्याखाली सुखरूप असता.

गोरक्ष पायाशी वाकला आणि आशीर्वादाची वाट बघत तसाच थांबला.

"तुमचे हात मात्र विटाळले नाहीत हो," नीलांबरीबाई मागून हळूच म्हणाल्या.

सरांनी गोरक्षच्या डोक्यावर हात ठेवला.