मागचा जाड बार

बाबांनी गाडीच्या किल्ल्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "आता तूच चालव. माझा हात गेला." मग ते गॅलरीत जाऊन बसले. सर्वेक्षण खात्याची जीप त्यांनी तीस वर्षं माळव्याच्या कच्च्या रस्त्यांवर चालवली होती. त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आदल्या दिवशी ते आणि आई माझी गाडी घेऊन बडवाहला एका लग्नाला निघाले होते. सिमरोलच्या घाटात मावठ्याची, म्हणजे हिवाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. एका उतरत्या वळणावर समोर ट्रक दिसला म्हणून बाबांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीचा मागचा भाग सरकला, गाडी जागच्या जागी फिरली आणि तोंड इंदूरकडे करून कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. ट्रकवाल्याने उतरून दोघांना पाणी पाजलं. लग्न राहिलं, ते हळूहळू घरी परत आले.

गाडी माझी, म्हणजे दोन दारांची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. मी सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात डिझाइन इंजिनियर आहे, आणि कारखान्यातून आल्यावर माझा बहुतेक वेळ याच गाडीपायी जायचा. वळणावर ती एका बाजूला कलायची ते मला खटकत होतं. म्हणून महिनाभर इंटरनेटवर वाचून मी दोन गोष्टी निवडल्या. पहिली म्हणजे बॉनेटखाली दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारी आडवी पट्टी. तिच्यामुळे गाडीचा सांगाडा पिळत नाही. दुसरी, मागचा अँटी-रोल बार. हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा स्प्रिंगसारखा लोखंडी दांडा असतो, गाडीला कलू न देणारा. कंपनीचा होता तो बारीक. मी मिळाला त्यातला सगळ्यात जाड घेतला. त्याच्या टोकांना दोन-दोन भोकं होती, एक नरम, एक कडक. मी कडक भोकात कसला. कोरड्या रस्त्यावर गाडी अशी वळायला लागली की मी स्वतःवर खूश झालो. बाबांना इतकंच सांगितलं, की आता एकदम मस्त चालते.

घाटातल्या प्रकारानंतर मला त्या बारची आठवणसुद्धा झाली नाही. मला वाटलं, वय झालं. बहिणीला फोनवर मी तसं बोललोही. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मग दुसऱ्या डॉक्टरकडे. दोघांनीही सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. पण बाबांचा डॉक्टरांवर विश्वास बसला नाही. ते बाहेर जायचंच टाळायला लागले. भाजी आणायलाही आईच निघायची, आणि रस्ता ओलांडताना ते तिचा दंड धरायचे. आई मला एकदा म्हणाली, की हे चहाचा कप उचलताना हाताकडे बघत बसतात, थरथरतो का म्हणून.

तीन आठवड्यांनी मी व्हील अलाइनमेंटसाठी गाडी पोलोग्राउंडच्या एका गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री आपल्यातलाच, मराठी, साठीचा, कमी बोलणारा. गाडीची एक चक्कर मारून आला, तिला रॅम्पवर चढवलं आणि खाली उभा राहून बराच वेळ मागच्या चाकांच्या मध्ये बघत राहिला.

"भिया, हा मागचा डंडा कोणी टाकवला?"

मी म्हणालो, मीच.

त्याने विचारलं, पुढचा कंपनीचाच आहे ना? मी हो म्हणालो. मग पुढच्या बारला धरून ठेवणारे रबरी बुश त्याने बोटाने हलवून दाखवले. ते पार फाटले होते. म्हणजे पुढचं टोक ढिलं आणि मागचं जाम कडक.

"ओल्या वळणावर पाय उचलला, की मागची चाकं पकड सोडणारच," तो म्हणाला. "मावठ्यात कोणी फिरवली तर नाही ना?"

मी घाटातलं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "मग त्यांनी ती कठड्याच्या आत ठेवली, तेच खूप केलं भिया."

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते आकृती काढून लिहिलंही होतं. आधी वाटलं की छातीवरचं ओझं उतरलं, बाबांना काहीही झालेलं नाही. लाज वाटली ती नंतर.

मी म्हणालो, पुढेही जाड बार मागवतो, म्हणजे बरोबरी होईल. मिस्त्रीने मान हलवली. आधी मागे कंपनीचा परत लाव, पुढे नवे बुश टाक, मग चालवून बघ, असं त्याचं म्हणणं. बॉनेटखालची पट्टी राहू दे, तिचा काही त्रास नाही. बुश त्याने तेव्हाच बदलले. मागचा बार मी त्याला काढू दिला नाही. तो बाबांसमोर काढायचा होता.

रविवारी मालकांना विचारून मी बाबांना कारखान्याच्या मागच्या अंगणात नेलं आणि बसायला खुर्ची दिली. फरशीवर पाइपने पाणी मारलं आणि गाडी स्वतः वळवून, मध्येच पाय उचलून दाखवला. सायकलच्या वेगात असूनही मागचा भाग सर्रकन सरकला. मग जॅक लावून मी बार काढला आणि जुना बसवला. बाबा खुर्ची सोडून आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसून पाने देत राहिले. पुन्हा तेच वळण, तेच पाणी. या वेळी गाडी जराशी कलली आणि मुकाट्याने वळली.

"बाबा, चूक माझी होती," मी म्हणालो. "तुम्हाला न सांगता मी गाडी बदलली होती."

त्यांनी जमिनीवर पडलेला जाड बार उचलून हातात घेतला.

"म्हणजे मी बरोबर चालवत होतो?"

"हो."

"हे आधी तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, आणि रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, मग तोंड पुसलं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसले. ओल्या फरशीवर त्यांनी चार चकरा मारल्या. पहिल्या दोन मान पुढे काढून, नंतर सीटला पाठ टेकून.

महिन्याभराने दोघं पुन्हा बडवाहला गेले, नव्या जोडप्याला भेटायला. दुपारी मी मीटिंगमध्ये होतो तेव्हा आईचा फोन आला. पोचलो, म्हणाली. घाटात यांनी गाणं म्हटलं, बेसूर. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो आणि मग आत येऊन मीटिंग पुरी केली.